मेर कुठे घालायची?

«ताई, नमस्कार. मी चोडणचा. नोकरी फेरीबोटीवर झाली, आता निवृत्त. देवळाच्या स्मरणिकेसाठी गावच्या खाजनावर, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीवर, लेख लिहिला. सलग साडेचार पानं झाली. संपादक मंडळाने ‘परिच्छेद पाडून द्या’ म्हणून परत पाठवला. नातू म्हणाला, दर पाच ओळींनी पाडा. तसे पाडून दिले, तर आता म्हणतात, तुटक तुटक वाटतंय. परिच्छेद नेमका किती ओळींचा असतो? पहिल्याच वाक्यात विषय सांगायला हवा असंही कोणी म्हणालं, ते खरं का? शाळा मराठीतून झाली, पण घरात कोंकणी. लिहिताना मध्येच कोंकणी शब्द येतात, ते काढू का? पहिलं पान सोबत जोडलंय.
— एक वाचक, चोडण, गोवा»

नमस्कार बाब,

तुमचं पान मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा सवयीने हातात पेन घेऊन. दुसऱ्यांदा पेन बाजूला ठेवून, कारण मानशीवरच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावरच्या, रात्रीचा उल्लेख आला तिथे काही दुरुस्त करावंसंच वाटेना. तिसऱ्यांदा तुमच्या प्रश्नासाठी.

आधी ओळींचा हिशेब मिटवून टाकू. फुलस्केपवर हाताने लिहिलेल्या आठ ओळी वर्तमानपत्राच्या अरुंद कॉलमात पंधरा-वीस होतात, मोबाइलवर आणखी वाढतात. स्मरणिकेचं पान केवढं असेल, टाइप केवढा असेल, हे लिहिताना तुम्हाला ठाऊक नसतं. मग पाच ओळी मोजायच्या त्या कुठल्या पानावरच्या? नातवाने वाईट सांगितलं असं मी म्हणणार नाही. डोळ्याला मध्येमध्ये मोकळी जागा लागते, हे त्याला बरोबर कळलंय. ती कुठे सोडायची, एवढं मात्र ओळी मोजून कळत नाही.

तुम्ही शेतातले. दोन शेतांमध्ये मेर घालताना दर वीस पावलांवर घालता का? जमीन जिथे खालावते, एका तुकड्यातलं पाणी दुसऱ्यात गेलेलं जिथे चालत नाही, तिथे मेर येते. त्यामुळे एखादं शेत लांबलचक होतं, एखादं चिंचोळं राहतं, आणि त्यात कोणाला काही वावगं दिसत नाही. परिच्छेदही असाच पडतो. एका परिच्छेदात एक म्हणणं मांडायचं आणि ते मांडून झालं की मेर घालायची.

‘म्हणणं’ हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण ‘एका परिच्छेदात एक विषय’ असं शाळेत सांगतात आणि त्याने फसायला होतं. ‘मानस’ हा विषय झाला. मानशीबद्दल शंभर गोष्टी सांगता येतील आणि त्या सगळ्या एकाच परिच्छेदात कोंबून ‘विषय एकच आहे’ असंही म्हणता येईल. ‘मानशीची दारं भरती-ओहोटीच उघडते आणि मिटते’ हे म्हणणं झालं. त्याला सुरुवात आहे, त्याला पुरावा लागतो, ते कधीतरी सांगून पुरं होतं. तेव्हा समासात प्रत्येक परिच्छेदासमोर पेन्सिलीने एक वाक्य लिहून बघा: हा परिच्छेद काय म्हणतो? नुसतंच नाम लिहावंसं वाटलं, ‘मानस’, ‘वडील’, ‘भात’, तर तो परिच्छेद अजून शिजलेला नाही. ‘आणि’ घातल्याशिवाय वाक्य पुरं होत नसेल, तर तिथे दोन परिच्छेद आहेत. साडेचार पानांना एक संध्याकाळ पुरेल.

आता तुमच्या पहिल्या पानावरच्या या ओळी बघू. बाकीच्या वाचकांसाठी तशाच उतरवून देते. कोरगूट म्हणजे खाजनातलं भात, सुंगटं म्हणजे कोळंबी आणि कुर्ल्या म्हणजे खेकडे, एवढं लक्षात ठेवा:

«आमच्या गावात खाजन शेती फार पूर्वीपासून आहे. खाजनाला बांध असतो व बांधाला मानस असते. माझे वडील मानशीवर काम करायचे. पावसात कोरगूट लावतात. मानशीची दारे भरतीला आपोआप बंद होतात. रात्री कंदील घेऊन आम्ही जायचो. सुंगटे भरपूर मिळायची. हल्ली बांधाकडे कोणी बघत नाही. कुर्ल्या बिळे पाडतात तसेच खारे पाणी आत शिरते. कोरगूट खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. वडिलांना ओहोटीची वेळ घड्याळ न बघता कळायची.»

अकरा वाक्यं आहेत. एकही चुकीचं नाही, एकही फुकट नाही. पण दुसऱ्या वाक्यात मानस दिसते ती पाचव्यात पुन्हा येते. वडील तिसऱ्यात भेटतात आणि अकराव्यापर्यंत नाहीसे होतात. कोरगूट चौथ्यात आहे आणि दहाव्यात. वाचणारा दर वाक्याला मान वळवतोय. दर पाच वाक्यांनी रेघ मारून हे सुधारायचं नव्हतंच, कारण पहिल्या पाचांत चार वेगळी म्हणणी आहेत. संपादकांना ‘तुटक’ वाटलं ते यामुळे. परिच्छेद लहान आहेत म्हणून नव्हे, आतली माणसं पांगली आहेत म्हणून.

मी काय केलं, तर अकरा वाक्यं अकरा चिठ्ठ्यांवर लिहिली आणि टेबलावर ज्यांचं एकमेकांशी जमतं त्यांना जवळ सरकवलं. चार ढीग झाले: मानस चालते कशी, वडील आणि ती रात्र, कोरगूट, आणि आजची बांधाची दशा. हे काम डोक्यात करू नका, हाताने करा. डोक्यात वाक्यं जिथे लिहिली तिथेच चिकटून बसतात.

पहिल्या ढिगाचा परिच्छेद मी करून बघितला. शब्द शक्यतो तुमचेच ठेवलेत:

«भात उभं असताना खाजनातलं पाणी कधी बाहेर सोडायचं, हे भरती-ओहोटीच ठरवते. नदी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध असतो आणि बांधात एके ठिकाणी मानस. मानशीला लाकडी दारे असतात. भरती चढू लागली की नदीचे पाणी ती दारे दाबून मिटवते, आणि खारे पाणी बाहेरच राहते. ओहोटी लागली की आत साठलेले पावसाचे पाणी तीच दारे ढकलून उघडते आणि नदीला मिळते. या उघडझापीला माणसाचा हात लागत नाही.»

आणि दुसऱ्याची सुरुवात:

«हात लागायचा तो जाळ्याला. माझे वडील मानशीवर काम करायचे...»

पहिला परिच्छेद ‘हात’ या शब्दापाशी संपला आणि दुसरा तोच शब्द उचलून उठला. ‘आता आपण माझ्या वडिलांविषयी पाहू’ असं काही लिहावं लागलं नाही. दोन परिच्छेदांमधला सांधा एवढाच असावा. पाण्याने केलेलं काम सांगून झालं आणि माणसाने केलेलं सुरू झालं, हे वाचणाऱ्याला न सांगता कळलं.

परिच्छेदाच्या आतही हेच चालतं, आणि माझ्या मते परिच्छेद घट्ट होतो तो इथेच. वरची वाक्यं पुन्हा बघा. ‘बांधात एके ठिकाणी मानस’ इथे वाक्य थांबतं, पुढचं ‘मानशीला’ म्हणून सुरू होतं. ‘लाकडी दारे’ आली, पुढच्या वाक्यात ‘ती दारे’. वाचणाऱ्याला जे आत्ताच कळलं ते धरून सुरुवात करायची आणि नवीन ते शेवटाकडे ठेवायचं. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, त्यामुळे त्याच्या अगदी अलीकडची जागा वजनाची असते. नवी गोष्ट तिथे बसली की ठसते. कोंकणीतही तसंच आहे, म्हणजे तुमच्या कानाला हे शिकवायची गरज नाही. बोलताना तुम्ही हे करताच. लिहिताना मात्र आपण सगळेच घाबरतो, एकच शब्द लागोपाठ दोनदा आला तर मास्तर तांबड्या शाईने खूण करतील असं वाटतं, आणि ‘मानस’ या शब्दाला दुसऱ्या वाक्यात ‘सदर यंत्रणा’ करून टाकतो. करू नका. मानशीला मानसच म्हणा, चारदा म्हणावं लागलं तरी.

एक शब्द मात्र मी तुमच्या पानावर सात ठिकाणी खोडलाय: ‘तसेच’. ‘कुर्ल्या बिळे पाडतात तसेच खारे पाणी आत शिरते’ हे वाक्य घ्या. ‘तसेच’ने दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या, जशा काही त्या वेगवेगळ्या तक्रारी आहेत. खरं तर एकीतून दुसरी निघते, आणि ते माझ्यापेक्षा तुम्हाला चांगलं माहीत आहे. ‘कुर्ल्या बांधाला बिळे पाडतात. त्या बिळांतून आधी पाणी नुसतं झिरपतं. झिरपून झिरपून आतली माती मोकळी होते, आणि उधाणाची भरती आली की बांध नेमका तिथेच फुटतो.’ बांध फुटतो कसा, हे आता दिसलं. ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’, ‘शिवाय’ हे शब्द लिहिणाऱ्याला सोपे पडतात कारण दोन गोष्टींचं नातं काय ते ठरवावं लागत नाही. ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरीही’, ‘तोवर’ लिहायचं म्हटलं की ठरवावं लागतं. ठरवायचा तो त्रास लिहिणाऱ्याने घ्यायचा, वाचणाऱ्यावर टाकायचा नाही. यावर माझं मत ठाम आहे.

वाक्यं अशी लागली की मधली भोकंही दिसायला लागतात. कोरगुटाचा ढीग लावताना मी अडले. एकीकडे तुम्ही लिहिता, कोरगूट खाऱ्या पाण्याला दाद देत नाही (हे वाक्य फार आवडलं, तसंच राहू दे). दुसरीकडे बांध फुटून खारं पाणी शिरलं की भात गेलं म्हणता. सलग पानात ही दोन वाक्यं दूर दूर होती म्हणून भांडत नव्हती. समोरासमोर आल्यावर मडगाव-फोंड्याचा वाचक विचारणारच की दाद देत नाही तर मग जातं कसं? मधलं वाक्य तुमच्या डोक्यात आहे आणि कागदावर यायचं राहिलंय. पहिल्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन जाऊ द्यायचं आणि मग पेरायचं. मागे जो खारेपणा उरतो तो कोरगूट सोसतं, पण नदीचं खारं पाणी शेतात येऊन बरेच दिवस उभं राहिलं तर तेही सोसत नाही. एवढं लिहिलं की भांडण मिटतं आणि परिच्छेद पुरा होतो.

आता पहिल्या वाक्याचं. अलेक्झांडर बेन नावाच्या स्कॉटिश प्राध्यापकाने १८६६ साली इंग्रजी लेखनावरच्या आपल्या पुस्तकात परिच्छेदाचे नियम घालून दिले. सुरुवातीच्या वाक्याने परिच्छेदाचा विषय ठळकपणे दाखवावा, हा त्यातला एक. शाळा-शाळांतून तो पुढे आपल्यापर्यंत आला. पण बेननेही पळवाट ठेवली होती: पहिलं वाक्य उघडच पूर्वतयारीचं असेल तर गोष्ट वेगळी. ही पळवाट शाळेत येईपर्यंत गळून पडली आणि नियम तेवढा उरला.

तुमच्या लेखात दोन्ही चालतील. मानस कशी चालते, बांध कसा फुटतो, असं समजावून सांगायचं असतं तिथे म्हणणं पहिल्या वाक्यात टाका. वाचणाऱ्याला काय धरून चालायचं ते कळतं. पंचायतीला बांधाच्या दुरुस्तीसाठी अर्ज लिहाल तेव्हा तर पहिल्या वाक्यातच मागणी हवी, कारण अर्ज वाचणारा दुसऱ्या वाक्यापर्यंत थांबेलच असं नाही. पण वडिलांबरोबरची ती रात्र? तिथे ‘माझ्या वडिलांना नदीचे उत्तम ज्ञान होते’ असं पहिलं वाक्य लिहिलंत तर पुढचं सगळं त्या वाक्याचा पुरावा होऊन बसेल. कंदिलापासून सुरुवात करा. बांधावरून चालत जाणं, जाळं, सुंगटं, अंधारात पाण्याचा बदलणारा आवाज. आणि शेवटी तुमचं अकरावं वाक्य ठेवा: ‘वडिलांना ओहोटीची वेळ घड्याळ न बघता कळायची.’ तोवर वाचणाऱ्यालाही ते अर्धं कळलेलं असेल. त्या वाक्यापुढे काही लिहू नका.

शेवटच्या वाक्याबद्दल मी एवढ्या आग्रहाने बोलते याला कारण आहे. पणजीत एका दैनिकाच्या डेस्कवर मी नवीन होते. पावसाळ्याचे दिवस, एका गावात बांध फुटल्याची बातमी तिथल्या वार्ताहराने हाताने लिहून बसने पाठवली होती. एकच लांब परिच्छेद. पानावर जागा कमी, आणि आम्हाला शिकवलेलं होतं की कॉपी खालून कापायची. मी खालच्या चार ओळी कापल्या. तिसऱ्या दिवशी तो वार्ताहर स्वतः आला, छत्री दाराशी ठेवली, अंक माझ्यासमोर पसरला आणि आवाज न चढवता म्हणाला, “बाय, बांध फुटला हे सगळ्या गावाला ठाऊकच होतं. कोणाकोणाचं बियाणं वाहून गेलं ते मी शेवटी लिहिलं होतं. तेवढंच छापून यायला हवं होतं.” नुकसानभरपाईसाठी त्या लोकांना कात्रण दाखवायचं होतं. मी न वाचता कापलं होतं. ओळी मोजल्या होत्या. त्या घरांच्या ओळी मी दुसऱ्या दिवशीच्या अंकात घातल्या, पण कोपऱ्यात, बांधाच्या बातमीपासून तुटून. बातमीचा बांध एका अंकात आणि माणसं दुसऱ्यात. त्यानंतर मी एकही परिच्छेद त्याचं म्हणणं काय ते बघितल्याशिवाय कापला नाही. त्याने ती घरं वेगळ्या परिच्छेदात लिहिली असती तर माझ्यासारख्या नवख्या मुलीचाही हात थबकला असता, हेही खरं. मेर असती तर दिसलं असतं की इथे दुसरं शेत सुरू होतं.

म्हणून तुमच्या लेखात जे कोणी कापू नये असं तुम्हाला वाटतं, ते मोठ्या परिच्छेदाच्या शेपटीला बांधू नका. त्याला स्वतःचा परिच्छेद द्या, दोन वाक्यांचा झाला तरी चालेल. मानशीची पावणी, म्हणजे तिथल्या मासेमारीचा लिलाव, व्हायची त्याबद्दल तुम्ही पान दोनवर लिहिलंय म्हणता. ते मी बघितलेलं नाही, पण नव्या पिढीला हे मुळीच माहीत नाही. त्याला जागा मिळालीच पाहिजे. एका वाक्याचा परिच्छेदही चालतो, फक्त साडेचार पानांत एखाद-दुसराच ठेवा. दर तिसरी ओळ एकटी उभी राहिली तर कुठलीच एकटी वाटत नाही.

आणि सलग लिहिलंत त्याचं मनाला लावून घेऊ नका. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या ओळीला ओळ भिडवून लिहिलेल्या आहेत. तिथे ओवी संपली की तिचा आकडा येतो, तोच विसावा. मोडीत तर दोन शब्दांमध्येही जागा सोडत नसत. मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात, म्हणजे ती आली १९व्या शतकात. ‘परिच्छेद’ हा शब्द मात्र जुना, संस्कृतातला. त्याचा अर्थ चारी बाजूंनी छेदणं, सीमा आखून वेगळं करणं, आणि संस्कृत ग्रंथांच्या प्रकरणांनाही परिच्छेद म्हणायचे. सीमा आखणं हे तुमच्या घरचंच काम.

सगळं लावून झालं की संध्याकाळी सोप्यावर बसून मोठ्याने वाचा, आणि नातवाला समोर बसवा. तुम्ही परिच्छेद संपवून थांबलात आणि तो ‘मग?’ म्हणाला, तर मेर जागेवर पडली. ‘म्हणजे?’ म्हणाला, तर आत काहीतरी सांगायचं राहिलंय. लांब वाक्यात श्वास अडकला तर ‘ऊन’ मोजा: उठून, घेऊन, चालत जाऊन, लावून. सगळं एकच माणूस करत असेल तर चार ‘ऊन’ही खपतात. वडिलांपासून सुरू झालेल्या वाक्यात मध्येच सुंगटं ‘येऊन’ पडली, की वाक्य तोडा.

कोंकणी शब्दांबद्दल विचारलंत, तर एकही काढू नका. मानस, मेर, कोरगूट, सुंगटं, कुर्ल्या, पावणी. मराठी वाचकाला यांतले काही नवे असतील, तर शब्द पहिल्यांदा येतो त्याच वाक्यात किंवा लगेच पुढच्यात त्याचं काम दाखवा, जसं मानशीचं वरच्या परिच्छेदात दाखवलंय. कंस नको, शेवटी शब्दार्थांची यादी नको. ‘मानस’च्या जागी ‘जलद्वार’ लिहिलंत तर चोडणचे लोकसुद्धा तुमचा लेख ओळखणार नाहीत. गोव्यात मराठी लिहिणारा माणूस घरात बहुधा कोंकणीच बोलतो, आणि इथल्या मराठीला जी चव आहे ती त्यामुळेच आहे. ती जपायची जबाबदारी स्मरणिका लिहिणाऱ्या तुमच्यासारख्यांवर माझ्यासारख्या डेस्कवाल्यांपेक्षा जास्त आहे.

एक गोष्ट मला तुमच्याकडून हवी आहे. पहिला परिच्छेद लावताना ‘मानशीला लाकडी दारे असतात’ इथे माझं पेन थांबलं. लाकूड कुठलं? वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात बुडून आणि वर येऊन जे टिकतं, ते तुमच्या वडिलांच्या वेळी कोण निवडायचं, कुठून आणायचं, दार बदलायची वेळ किती वर्षांनी यायची? पहिल्या पानावर ते कुठेच नाही. ‘लाकडी दारे’नंतर दोन वाक्यांची जागा मी तशीच सोडून ठेवलीय. त्यात काय बसतं ते तुम्ही लिहा, आणि मग बाकीच्या साडेतीन पानांसकट पुन्हा पाठवा.